शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्ज कामकाजाचे प्रशिक्षण (महाराष्ट्र)

शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्ज कामकाजाचे प्रशिक्षण म्हणजे महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शासकीय अर्थसाहाय्याचे अर्ज तपासणे, ते पुढे पाठवणे, त्यांचा हिशेब ठेवणे आणि शैक्षणिक कर्जासाठी लागणारी कागदपत्रे देणे ही कामे करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण होय. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने महाविद्यालयाच्या कार्यालयातील शिष्यवृत्ती लिपिक, कार्यालय अधीक्षक, नोडल अधिकारी म्हणून नेमलेले प्राध्यापक आणि अखेरीस प्राचार्य यांच्याकडे असते. या कामासाठी स्वतंत्र पदवी किंवा पदविका अनिवार्य नाही. लिपिकपदासाठी टंकलेखन आणि एमएस-सीआयटी यांसारख्या पात्रता पाहिल्या जातात. शिष्यवृत्तीचे नियम मात्र तो पदावर आल्यानंतर शिकतो. हे शिक्षण शासकीय विभागांच्या कार्यशाळा, दूरदृश्य बैठका, संकेतस्थळावरील मार्गदर्शिका आणि जुन्या सहकाऱ्यांचा अनुभव यांतून होते. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत जास्त वापरले जाते, पण त्याची नोंद कोणत्याही प्रशिक्षण आराखड्यात सापडत नाही.

पार्श्वभूमी

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. पुढे ही योजना अनुसूचित जमातींनाही लागू झाली. महाराष्ट्रात ती 'भारत सरकार शिष्यवृत्ती' या नावाने ओळखली जाते आणि वऱ्हाडातील महाविद्यालयांत आजही तिचा उल्लेख 'जीओआय' असाच होतो. कालांतराने विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, अल्पसंख्याक, दिव्यांग, तसेच स्वातंत्र्यसैनिक व माजी सैनिकांचे पाल्य यांच्यासाठी स्वतंत्र योजना आल्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना या त्यांतील दोन मोठ्या योजना आहेत. दुसऱ्या योजनेला ज्यांचे नाव आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे. श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून ते परिचित आहेत.

योजना वाढल्या तसे त्या राबवणारे विभागही वेगवेगळे झाले. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक विकास यांपैकी प्रत्येकाची उत्पन्नमर्यादा, कागदपत्रांची यादी आणि मुदत स्वतंत्र आहे. महाविद्यालयात मात्र या सगळ्यांसाठी बहुधा एकच टेबल आणि एकच माणूस असतो. प्रशिक्षणाची गरज येथूनच निर्माण होते.

कागदापासून संगणकापर्यंत

संगणकपूर्व काळात विद्यार्थी छापील अर्ज भरत. लिपिक ते प्रवर्गनिहाय लावून 'बी स्टेटमेंट' नावाचा तक्ता तयार करी आणि तो जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात नेऊन देई. मंजुरीनंतर रक्कम महाविद्यालयाकडे येई व तेथून तिचे वाटप होई. या पद्धतीत लिपिकाचे कौशल्य सुवाच्य अक्षर, बेरजेची अचूकता आणि जिल्हा कार्यालयातील फेऱ्या यांवर अवलंबून होते. त्यानंतर 'ई-स्कॉलरशिप' संकेतस्थळ आले आणि अर्ज ऑनलाइन झाले, तरी रकमेचा प्रवास बराचसा संस्थेमार्फतच राहिला.

देशात थेट लाभ हस्तांतरणाची सुरुवात १ जानेवारी २०१३ रोजी झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७-१८ या शैक्षणिक वर्षापासून 'महाडीबीटी' हे संकेतस्थळ सुरू केले. पहिल्या वर्षी तांत्रिक अडचणी इतक्या आल्या की काही योजनांचे काम पुन्हा जुन्या पद्धतीने करावे लागले; पुढील वर्षी संकेतस्थळ सुधारित स्वरूपात आले. त्या पहिल्या वर्षात विद्यार्थी आणि लिपिक दोघेही नवशिके होते. संकेतस्थळ कसे चालते हे शिकणे आणि ते प्रत्यक्ष चालवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. प्रशिक्षण कार्यप्रणालीच्या आधी व्हावे हा साधा नियम त्या वर्षी उलटा झाला असे म्हणावे लागते.

महाविद्यालयातील कामाची साखळी

महाडीबीटीवर विद्यार्थी प्रथम आधार क्रमांकावर आधारित नोंदणी करतो. नंतर वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह यांचे रकाने भरून योजना निवडतो. अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या खात्यात येतो. त्याच्या तपासणीनंतर तो प्राचार्यांच्या खात्यात जातो आणि तेथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे. मंजुरी मिळाल्यावर देयक तयार होते आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. या साखळीच्या आधी एक काम महाविद्यालयाला करावे लागते, ते म्हणजे आपले अभ्यासक्रम, प्रवेशक्षमता आणि मान्य शुल्क संकेतस्थळावर नोंदवून विभागाकडून मंजूर करून घेणे. ही नोंद चुकली तर त्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याची रक्कम चुकते.

लिपिकासमोर प्रत्येक अर्जासाठी तीन पर्याय असतात: पुढे पाठवणे, त्रुटीपूर्तीसाठी परत पाठवणे आणि नाकारणे. नव्या कर्मचाऱ्याला सर्वप्रथम समजावून सांगावी लागते ती शेवटच्या दोहोंमधील तफावत. परत आलेला अर्ज विद्यार्थी दुरुस्त करून पुन्हा सादर करू शकतो. नाकारलेल्या अर्जाला सहसा ती वाट राहत नाही. उत्पन्नाचा दाखला धूसर दिसतो म्हणून अर्ज नाकारणे आणि त्याच कारणासाठी तो परत पाठवणे यांत कर्मचाऱ्याच्या दृष्टीने एका कळीचा फरक असतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो संपूर्ण वर्षाच्या शुल्काचा असतो. परत पाठवल्याचा संदेश नोंदवलेल्या भ्रमणध्वनीवर जातो. तो क्रमांक वडिलांचा असेल, बदललेला असेल किंवा रिचार्जअभावी बंद असेल, तर मुदत संपेपर्यंत विद्यार्थ्याला पत्ताच लागत नाही. म्हणूनच अनुभवी लिपिक परत पाठवलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला सूचनाफलकावर लावतात आणि वर्गशिक्षकांकडेही देतात. ही पद्धत कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही, ती असायला हवी.

प्रशिक्षणाचे विषय

उत्पन्न. या एका शब्दाचे अनेक अर्थ हा सर्वांत कठीण धडा समजला जातो. इतर मागास वर्गाच्या नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रासाठी आठ लाख रुपयांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचे उत्पन्न वगळले जाते. शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयाकडून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र शेतीसह कुटुंबाचे सर्व उत्पन्न धरले जाते. त्यामुळे कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या कुटुंबातील एखाद्या मुलाकडे वैध नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र असते, तरी एखाद्या योजनेची उत्पन्नमर्यादा तो ओलांडतो. 'माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, मग शिष्यवृत्ती का नाही?' या प्रश्नाचे उत्तर लिपिकाला शांतपणे देता आले पाहिजे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. त्यापेक्षा अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रदाने, म्हणजे रूढ भाषेत 'फ्रीशिप', ही वेगळी योजना आहे. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज पात्र विद्यार्थ्यालाही अपात्र ठरवतो. राजर्षी शाहू महाराज योजनेची मर्यादा आठ लाखांची असून तिचा लाभ कुटुंबातील दोन अपत्यांपुरता असतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत लागू झाली, तेव्हा मुलांचे निम्मे आणि मुलींचे संपूर्ण शुल्क असा वेगळा हिशेब एकाच वर्गासाठी ठेवावा लागला.

नावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारपत्रावर बहुधा नंतर. जातीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव संक्षिप्त, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पूर्ण. विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत तर दोन आडनावे आणि दोन पत्ते. संगणक यांतील साम्य ओळखत नाही. माणसाने ते ओळखायचे असते. कोणता फरक प्रतिज्ञापत्राने भागतो, कोणत्यासाठी राजपत्रातील नोंद लागते आणि कोणता दुर्लक्षणीय आहे, हा निर्णय अनुभवाने येतो. तो सर्व महाविद्यालयांत सारखा घेतला जावा यासाठीच प्रशिक्षण हवे.

बँक खाते. आधारवर आधारित हस्तांतरणात रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाते असा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत त्या आधार क्रमांकाशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत जाते. विद्यार्थ्याने वर्षाच्या मध्यात एखाद्या पेमेंट बँकेत संमती देऊन नवे खाते उघडले असेल, तर शिष्यवृत्ती तेथे जमा होते आणि तो गावच्या बँकेत पासबुक भरून भरून कंटाळतो. आधार बँक खात्याशी 'लिंक' असणे आणि हस्तांतरणासाठी 'सीडिंग' झालेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँकेच्या खिडकीवरही हा फरक नेहमी सांगितला जात नाही, म्हणून लिपिकाला तो ठाऊक असणे आवश्यक ठरते.

जात वैधता. व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवरील प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र लागते. जातीची पडताळणी जिल्हा समितीकडे होते, तर जमातीच्या दाव्यांसाठी स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. बारावीतच प्रस्ताव दाखल करावा असे सांगण्याचे काम कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे येते. हा विषय वरिष्ठ महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यांना शिकवला जातो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यांकडे तो बहुधा उशिरा पोहोचतो.

शुल्काचा हिशेब. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची फेररचना मंजूर केली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची ही तरतूद असून त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडे भरावी अशी अपेक्षा असते. निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे. यापूर्वी महाविद्यालय विद्यार्थ्याला पैसे देत असे. आता ते त्याच्याकडून मागते. घरात फवारणीचा खर्च किंवा दवाखाना उभा असताना खात्यावर आलेले पैसे खर्च होतात आणि परीक्षा अर्जाच्या वेळी प्रश्न उभा राहतो. थकीत शुल्काची मागणी कोणत्या भाषेत करावी, हप्ते कसे पाडावेत आणि विद्यार्थ्याची कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, हा भाग नियमपुस्तिकेपेक्षा माणुसकीचा अधिक आहे. तरीही तो प्रशिक्षणाचाच भाग ठरतो.

गोपनीयता. आधारपत्र, जात, उत्पन्न, दिव्यांगत्व यांची माहिती लिपिकाच्या टेबलावर असते. शिष्यवृत्तीधारकांच्या याद्या प्रवर्गासह भिंतीवर लावण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे. अर्ज क्रमांकाने यादी लावली तरी काम भागते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केल्यापासून हा विषय केवळ सौजन्याचा उरलेला नाही.

शैक्षणिक कर्ज

भारतात महाविद्यालय कर्ज देत नाही किंवा मंजूरही करत नाही. ते काम बँकेचे. महाविद्यालयाचा वाटा बोनाफाईड प्रमाणपत्र, वर्षनिहाय शुल्करचना, प्रवेशपत्र आणि पुढे प्रगतीचे दाखले देण्यापुरता असतो. परंतु शुल्करचनेत वसतिगृह, पुस्तके, उपकरणे आणि परीक्षा शुल्क यांचा उल्लेख राहून गेला, तर तेवढी रक्कम कर्जातून वगळली जाते. बँका भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार चालतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागता येत नाही. १५ ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झालेल्या 'विद्यालक्ष्मी' संकेतस्थळावरून एकाच अर्जाद्वारे तीन बँकांकडे मागणी करता येते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत सुरुवातीला देशातील सुमारे ८६० गुणवत्ताप्राप्त संस्थांचे विद्यार्थी येत होते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यात दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक महाविद्यालये या यादीबाहेर राहतात, हे विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वीच सांगितले पाहिजे.

विदर्भात कर्जप्रकरणे अडण्याचे एक कारण वेगळे आहे. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो आणि त्याच पालकाचे पीककर्ज थकलेले असू शकते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली दिलेल्या एका निकालात, केवळ पतगुणांक कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये असे म्हटले आहे. बँकेकडून तोंडी नकार न घेता तो कारणासह लेखी मागावा, लेखी नकारावर जिल्हा अग्रणी बँकेकडे आणि पुढे बँकिंग लोकपालाकडे दाद मागता येते, इतकी माहिती महाविद्यालयात मिळाली तरी पालकाचे अर्धे ओझे उतरते.

प्रशिक्षण कोण देते

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी पुण्याची 'यशदा' आणि विभागीय प्रशासकीय प्रबोधिनी यांची व्यवस्था आहे. २०११ च्या राज्य प्रशिक्षण धोरणाने पायाभूत व उजळणी प्रशिक्षणाला चौकट दिली. अशासकीय अनुदानित महाविद्यालयाचा लिपिक या चौकटीच्या काठावर उभा असतो. विनाअनुदानित महाविद्यालयाचा कंत्राटी कर्मचारी तिच्या बाहेर. प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उजळणी वर्ग आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी तशी सलग व्यवस्था नाही आणि हा या क्षेत्रातील मूलभूत दोष आहे.

प्रत्यक्षात जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचे कार्यालय वर्षारंभी प्राचार्य व लिपिकांची बैठक बोलावते. उच्च शिक्षण सहसंचालकांचे विभागीय कार्यालयही आपल्या योजनांसाठी सूचना देते. महाविद्यालयांत स्थापन झालेल्या 'समान संधी केंद्रां'कडे विद्यार्थ्यांना योजनांची माहिती देण्याचे काम आहे. बैठकीचा बराच वेळ प्रलंबित अर्जांची आकडेवारी वाचण्यात जातो, शिकवण्यासाठी थोडाच उरतो. आढावा आणि अध्यापन यांची अशी गल्लत झाली की वर्ग गप्प बसतो, हे शिक्षण क्षेत्रात नवीन नाही. 'ज्या कार्यालयात सर्वाधिक अर्ज परत येतात त्यांना पुढे बोलवा' या पद्धतीमुळे अडचण असलेला लिपिक प्रश्न विचारण्याचे टाळतो.

धामणगाव रेल्वे परिसर

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे बडनेरा-वर्धा लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. याच जिल्ह्यात धामणगाव गढी असल्यामुळे नावात 'रेल्वे' आले. येथील आदर्श महाविद्यालय आणि परिसरातील इतर महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे आहे.

धामणगावचे स्थान शिष्यवृत्तीच्या कामात वेगळा गुंता निर्माण करते. पूर्वेला वर्धा नदीपलीकडे वर्धा जिल्हा, तर दक्षिणेला यवतमाळ जिल्हा. तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी एकाच वर्गात बसू शकतात. महाविद्यालय अमरावती जिल्ह्यात असल्याने अर्ज अमरावतीच्या कार्यालयाकडे जातो. विद्यार्थ्याचा उत्पन्नाचा दाखला मात्र त्याच्या स्वतःच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातून येतो आणि जातीचे प्रमाणपत्र त्याच्या मूळ गावाच्या जिल्ह्यातून. आदिवासी विद्यार्थ्यांचे अर्ज जिल्ह्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संबंधित असतात. ते मेळघाटात धारणीला आहे, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एखादी त्रुटी समक्ष जाऊन सोडवण्यात विद्यार्थ्याचा दिवस, प्रवासखर्च आणि पालकाची मजुरी बुडते. अशा ठिकाणी लिपिकाने पहिल्याच तपासणीत सर्व त्रुटी एकत्र सांगणे हीच विद्यार्थ्याला केलेली सर्वांत मोठी मदत ठरते. आज एक कागद, पुढच्या आठवड्यात दुसरा, असे सांगितल्याने अर्ज मागे पडतो, कधी शिक्षणही.

कापूस वेचणीचा हंगाम आणि अर्जाची मुदत बहुधा एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत वर्गातील उपस्थिती रोडावते. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहण्याची सवय विद्यार्थ्यांइतकीच कार्यालयांनाही लागली आहे.

गैरव्यवहार आणि दायित्व

शिष्यवृत्तीच्या रकमेत गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारींवरून महाराष्ट्र शासनाने २०१६ साली पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमले होते. २०२३ साली केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाच्या पाहणीत तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्या. सुमारे १४४ कोटी रुपयांच्या या प्रकरणाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. यानंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर संस्थाप्रमुख व नोडल अधिकारी यांची बायोमेट्रिक ओळखपडताळणी आली.

याचा प्रशिक्षणाशी थेट संबंध आहे. अनेक महाविद्यालयांत लिपिक आणि प्राचार्य या दोन्ही खात्यांचे परवलीचे शब्द एकाच माणसाकडे असतात. दोन टप्प्यांची तपासणी त्यामुळे कागदावरच राहते आणि चूक झाली तर जबाबदारी प्राचार्यांच्या नावावर नोंदते. आपला परवलीचा शब्द आपणच वापरावा, ही गोष्ट प्राचार्यांना सांगण्याचे धाडस लिपिकाला होत नाही. ती प्रशिक्षकाने सांगायची असते. त्यासाठी प्राचार्यांनीही त्या वर्गात बसायला हवे.

परदेशातील पद्धती

अमेरिकेत हे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून विकसित झाले. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमानंतर संघराज्याची मदत महाविद्यालयांमार्फत वाटली जाऊ लागली. पाठोपाठ १९६६ साली अर्थसाहाय्य प्रशासकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ती 'नॅस्फा' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ही संघटना विषयनिहाय परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. संघराज्याच्या मदत योजनेत प्रथमच सहभागी होणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला आणि अर्थसाहाय्य संचालकाला शिक्षण खात्याचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. ब्रिटनमध्येही विद्यार्थ्यांच्या आर्थिक सल्लागारांची राष्ट्रीय संघटना आहे.

तेथील कर्मचाऱ्याला विशिष्ट परिस्थितीत स्वतःचा निर्णयाधिकार वापरता येतो. पालकाची नोकरी गेली किंवा मृत्यू झाला, तर कागदपत्रे पाहून, कारण लिहून तो मदतीचे गणित बदलू शकतो. महाराष्ट्रातील लिपिकाला हा अधिकार नाही. वडिलांचे निधन दिवाळीत झाले तरी मागील आर्थिक वर्षाचा दाखलाच चालतो. अशा वेळी महाविद्यालयाचा विद्यार्थी सहायता निधी, 'कमवा व शिका' योजना किंवा दुष्काळी तालुक्यांतील परीक्षा शुल्कमाफी यांची जोड देणे एवढेच त्याच्या हाती असते. त्या योजनांची यादी शिष्यवृत्तीच्या टेबलाजवळच ठेवावी लागते, कारण नापात्र ठरलेला विद्यार्थी तेथूनच परत फिरतो.